‘वस्त्रहरणा’ची संहिता आणि मच्छिंद्र कांबळी : एक परीक्षण

ज्या पृष्ठांवर सनदा, महजर, बखरी आणि ताम्रपट यांची चर्चा व्हावयाची, त्या पृष्ठांवर एका विनोदी मालवणी नाटकाचा व तें गांवोगांव घेऊन फिरलेल्या नटाचा विषय काढणें कित्येक वाचकांस अप्रस्तुत वाटेल. मलाहि कांहीं वर्षांपूर्वीं तसेंच वाटलें असतें. परंतु साधनें नष्ट होण्यापूर्वीं तीं हातीं घेणें हें जर संशोधकाचें पहिलें काम असेल, तर साधन किती जुनें आहे यापेक्षां तें किती लवकर नाहींसें होणार आहे हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. मालवणच्या किनाऱ्यावर कागद टिकत नाहीं. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि वाळवी यांच्यापुढें शिवकालीन कागद व कालचा कागद असा भेद नसतो; उलट जुना हातकागदच यंत्राच्या कागदापेक्षां चिवट ठरतो, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे.

मच्छिंद्र कांबळी यांचा जन्म ४ एप्रिल १९४७ रोजीं झाला व ३० सप्टेंबर २००७ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. गांव मालवण तालुक्यांतील रेवंडी. आपल्या नाट्यसंस्थेस त्यांनीं ‘भद्रकाली’ हें जें नांव दिलें तें रेवंडीच्या देवीचें. गंगाराम गवाणकर यांचें ‘वस्त्रहरण’ १९८० सालीं रंगभूमीवर आलें; त्यांत कांबळी यांनीं तात्या सरपंचाची भूमिका केली आणि पुढें या एका नाटकाचे पांच हजारांहून अधिक प्रयोग झाले. गवाणकर हे राजापूर तालुक्यांतील माडबनचे; २०१६ सालीं ठाणें येथें भरलेल्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते व २०२५ सालीं निवर्तले. ‘वस्त्रहरण’ आलें तेव्हां सिंधुदुर्ग हा जिल्हा अस्तित्वांतच नव्हता. तो १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून वेगळा झाला. जिल्ह्याच्या आधीं जिल्ह्याची बोली स्वतंत्र झाली असें म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरतों.

कांबळी यांच्यासंबंधीं जें लिहिलें व बोललें जातें त्यांत दोन सूर आढळतात. एक म्हणतो, त्यांनीं लोकांस पोटभर हंसविलें. दुसरा म्हणतो, त्यांनीं मालवणीस प्रतिष्ठा दिली. पहिलें खरें आहे, पण तें परीक्षण नव्हे. दुसरें अर्धे खरें आहे, आणि त्या अर्ध्याचा विचार पुढें करावयाचा आहे. त्यापूर्वीं त्यांच्या कलेचें मूळ पाहूं.

मूळ म्हणून सर्वजण दशावताराकडे बोट दाखवितात व तेथेंच थांबतात. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनीं १७२८ सालीं हा खेळ कोंकणांत आणला, अशी परंपरा सांगतात. हें वर्ष आतां इतक्यांदा छापलें गेलें आहे कीं, दशावताराचा जन्मच १७२८ चा असें लोक समजूं लागले आहेत. समर्थ रामदासांच्या दासबोधांत दशावतारी खेळाचा व त्यांत स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांचा उल्लेख स्पष्ट आहे. आणि समर्थांची समाधि सतराव्या शतकांतली. तेव्हां शब्दहि जुना आहे व चालहि जुनी आहे. परंपरा सांगते तें कोंकणांतील आगमनाचें वर्ष, जन्माचें नव्हे. हा भेद लहान दिसतो, पण अशा लहान भेदांतूनच पुढें मोठीं असत्यें उभीं राहतात.

दशावताराची रीति या भागांतील वाचकांस परिचित आहे. बाहेरच्यांसाठीं थोडें सांगतों. कार्तिकांत जत्रा सुरू झाल्या कीं वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, चेंदवणकर अशा मंडळ्या देवळोदेवळीं जातात. वेषभूषेचा पेटारा पूर्वीं डोक्यावरून नेत. रंगमंचावर एक बांक. तेंच सिंहासन, तेंच पर्वतशिखर, प्रसंगीं तोच पलंग. साथीला पेटी, मृदंग व झांज. पूर्वरंगांत गणपति, रिद्धि-सिद्धि, सरस्वती, ब्रह्मदेव, वेद पळविणारा संकासुर व त्याचा संहार करणारा विष्णु. मग रात्रभर आख्यान आणि पहांटे दहिकाला. आख्यान कोणतें हें ठरलें म्हणजे नट आपापलीं भाषणें उभ्याउभ्या रचतात. लिहिलेली संहिता नसते. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, राजे, ऋषि व देव हे पोथींतलें संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. मालवणी बोलतो तो संकासुर. म्हणजे शुद्ध भाषा मुकुटाची आणि बोली काळ्या बुरख्याची, अशी ही वांटणी आहे.

संस्कृत नाटकाचा अभ्यास केलेल्यास ही वांटणी ओळखीची वाटेल. भरतानें नाट्यशास्त्रांत कोणत्या पात्रानें कोणती भाषा बोलावी याचे नियम घालून दिले आहेत. राजा संस्कृत बोलतो, राणी व विदूषक प्राकृत बोलतात. दशावतारी मंडळीनें नाट्यशास्त्र वाचलें होतें असें मला म्हणावयाचें नाहीं. मान कोणाचा व हंसें कोणाचें हें भाषेवरून ठरविण्याची खोड समाजास फार जुनी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मराठी रंगभूमीनेंहि ती खोड पाळली. गड्यानें, मोलकरणीनें, शिपायानें बोली बोलावी, आणि नायकानें पुण्याचें मराठी बोलावें. आमच्याच वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर यांनीं लोकनाट्याचे घाट नाटकांत आणले, पण नायकाची भाषा नागरच ठेविली. जयवंत दळवी यांच्या ‘सारे प्रवासी घडीचे’ मध्यें मालवणी संवाद जिवंत आहेत. तरी कथा सांगणारा लेखक प्रमाण मराठींतूनच सांगतो.

‘वस्त्रहरणां’त ही व्यवस्था उलटी झाली. गांवचे लोक महाभारतांतील द्यूत व वस्त्रहरण यांचें नाटक बसवितात. आधीं तालीम, मग प्रयोग. मुकुट घातलेला मनुष्य पोथींतलें वाक्य बोलावयास जातो आणि जीभ आपल्या घरच्या वाटेनें निघते. संकासुराची भाषा दुर्योधनाच्या तोंडीं येते, धर्मराजाच्या तोंडीं येते, आणि शेवटीं सभागृहांतील प्रत्येकाच्या लक्षांत येतें कीं खोटी आहे ती पोथींतली भाषा. हीच खरी आहे. हें यंत्र गवाणकरांनीं रचलें. त्याचें श्रेय नटास देऊं नये. कांबळी यांच्या कौतुकाच्या भरांत लेखकाचें नांव मागें पडतें, हा अन्याय मीं अनेक व्याख्यानांत पाहिला आहे.

मग नटाचें काय? मीं कांबळी यांस या भूमिकेंत चार वेळां पाहिलें. पहिल्या खेपेस मी विनोदाच्या तयारीनें गेलों होतों व थोडा नाराजीनेंच बसलों होतों. त्यांनीं विनोद केलाच नाहीं. ते गांवकीच्या बैठकींत बसल्यासारखे बसले, समोरच्यांस गांवकऱ्यांप्रमाणें धरलें आणि आपल्या अंगणांत उभें राहून कोणावर तरी चिडावें तसे चिडले. वाक्य टाकून ते थांबत. हंशा उठे, पुरा होई, खालीं बसे. आणि मग ते असें एखादें दोन अक्षरांचें पद उच्चारीत कीं तो पुन्हा उठे. हें थांबणें शिकवून येत नाहीं. दशावतारी नट बांकावर पाय ठेवून समोरच्या नटाच्या तोंडाकडे पाहत राहतो, कारण पुढचें वाक्य अद्याप कोणासच ठाऊक नसतें. तीच सावध स्तब्धता मला येथें दिसली. मृच्छकटिकाच्या प्रस्तावनेंत सूत्रधार संस्कृतांत बोलतां बोलतां मध्येंच सांगतो कीं, आतां मी कार्यवशात् प्राकृत बोलणार. आणि तो घरांत शिरून बायकोशीं बोलूं लागतो. तीस वर्षें शाळेंत तो उतारा शिकवूनहि त्यांतील मौज मला कळली नव्हती. ती कांबळी यांनीं कळविली.

आतां संहितेकडे येतों. या लेखाचा खरा हेतु तोच आहे.

‘वस्त्रहरण’ छापलेलें आहे. तें पुस्तक हातीं घेऊन कोणी म्हणेल कीं हेंच तें नाटक, तर तो फसेल. हजारों प्रयोगांत नाटक वाढतें. कांहीं वाक्यें नटाच्या तोंडीं आपोआप येतात, रुचतात, राहतात. कांहीं त्या त्या गांवापुरतीं येतात व जातात. कांहीं मूळ वाक्यें हंशा येत नाहीं म्हणून गळतात. माझ्याजवळची छापील प्रत पुढें ठेवून मीं प्रयोगाची चित्रफीत ऐकली, तेव्हां पहिल्याच अंकांत ठिकठिकाणीं पेन्सिल थांबली. मग प्रश्न पडतो कीं, ‘वस्त्रहरणा’चा पाठ कोणता मानावा?

योगायोगानें हाच प्रश्न मूळ वस्त्रहरणाविषयींहि पडलेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पुरें केलें. त्यांतील सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनीं संपादिलें व तें १९४४ त प्रसिद्ध झालें. द्रौपदी कृष्णाचा धांवा करते व कृष्ण वस्त्रें पुरवितो, हा जो प्रसंग कीर्तनकारांपासून दशावताऱ्यांपर्यंत सर्वांनीं जिवापाड जपला, तो धांवा त्या आवृत्तींत मूळ पाठांत नाहीं. तो तळटीपांत गेला आहे. मूळांत एक वस्त्र ओढलें कीं तसेंच दुसरें प्रकट होतें, इतकेंच. कोणी दिलें तें सांगितलेलें नाहीं. ही गोष्ट मीं प्रथम वर्गांत सांगितली तेव्हां एका मुलाच्या आजीनें शाळेंत येऊन मला जाब विचारला होता. संपादकाचा निर्णय प्रतींच्या पुराव्यानें बरोबर आहे. पण आजीचा रागहि पुरावाच होता. जो प्रक्षेप शेंकडों वर्षें लोकांच्या डोळ्यांत पाणी आणतो, त्यास केवळ प्रक्षेप म्हणून तळाशीं टाकतां येतें, फेंकून देतां येत नाहीं. चिकित्सित आवृत्तीनें तो तळटीपेंत राखला, यांतच तिची थोरवी आहे.

मालवणी ‘वस्त्रहरणा’स हीच शिस्त लावली पाहिजे. साक्षीदार आहेत. महाराष्ट्रांत नाटकाचा प्रयोग करण्यापूर्वीं संहिता रंगभूमि प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे सादर करून प्रमाणपत्र घ्यावें लागतें. म्हणजे कोणत्याहि नाटकाच्या पाठास एक निश्चित तारीख असलेली प्रत असते. अशी सोय आपणांस किती बखरींच्या बाबतींत लाभली आहे? दुसरा साक्षीदार मुद्रित पुस्तक. तिसरा, ध्वनिफिती व चित्रफिती. चौथा, व सर्वांत मोलाचा, रंगमंचामागें उभा राहून वाक्यें पुरविणाऱ्याची वही. तींत खोडलेलें असतें, समासांत लिहिलेलें असतें, प्रयोगाच्या गांवाचें नांव असतें, एखाद्या वाक्यापुढें नुसती फुली असते. पोथीच्या समासांतील टिप्पणाचें मोल ज्यांस कळतें त्यांस या वहीचें मोल निराळें सांगावयास नको. पांचवा साक्षीदार सहनटांची स्मृति. तो बोलका आहे, परंतु प्रत्येक नट आपलें वाक्य थोडें लांबवून सांगतो, हें ध्यानांत ठेवावें. या पांचांच्या आधारानें गवाणकरांचें काय व कांबळींचें काय हें बऱ्याच अंशीं वेगळें करतां येईल, आणि मग दोघांचींहि स्तुति नीट करतां येईल. आज ती एकमेकांच्या पदरांत पडते.

चालक या नात्यानें कांबळी यांचा विचार संस्कृतज्ञाने ‘सूत्रधार’ या एका शब्दानें करावा. आमच्या परंपरेंत नट व मंडळीचा धनी हे दोन नव्हतेच. इंग्लंडांतहि एके काळीं तसेंच होतें. हेन्री अर्विंग यानें १८७८ पासून लंडनचें लायसियम नाट्यगृह चालविलें, मुख्य भूमिका स्वतः केल्या, १८९५ त त्यास ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि शेवटीं त्याच नाट्यगृहाच्या खर्चाखालीं तो दबला. महाराष्ट्रांत केशवराव भोंसले यांची ललितकलादर्श १९०८ ची, बालगंधर्वांची गंधर्व मंडळी १९१३ ची; तेथेंहि नटाचें वैभव व मंडळीचें कर्ज हातांत हात घालून चाललें. कांबळी यांच्यापुढें आणखी एक अडचण होती. त्यांचा प्रेक्षक दोन ठिकाणीं विभागलेला होता. तो वर्षभर परळ, लालबाग, गिरगांव येथें चाकरी करी आणि गणपतीस, शिमग्यास व मे महिन्यांत गांवीं येई. नाटकासहि त्याच्या मागोमाग जावें लागे. १९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला व सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. चाकरमान्याच्या जुन्या जगाचा पाया तेव्हां हलला. कोंकण रेल्वे पुरी होण्यास १९९८ साल उजाडावें लागलें. तोंवर सारा प्रवास घाटांच्या व वळणांच्या रस्त्यानें. अशा काळांत बोलीच्या नाटकावर मंडळी उभी ठेवणें ही हिशेबाची धिटाई होती. आरंभीं प्रतिसाद बेताचा असतां पु. ल. देशपांडे यांनीं नाटक पाहून पत्रानें केलेली प्रशंसा उपयोगी पडली, हें प्रसिद्ध आहे. पुढें हें नाटक लंडनलाहि गेलें.

दोष सांगितल्यावांचून परीक्षण पुरें होत नाहीं. कांबळी यांच्या मागून आलेल्या मालवणी नाटकांत, ‘पांडगो इलो रे बा इलो’ धरून, मुख्य पात्र त्यांच्या मापानें बेतलेलें दिसतें. प्रेक्षक त्यांस पाहावयास येई. तेव्हां लेखकानें त्यांस प्रवेश द्यावा, वाक्य द्यावें, आणि बाजूस व्हावें, असा प्रघात पडला. बाकीचीं पात्रें पातळ झालीं. याहून मोठा दोष बोलीसंबंधाचा आहे. ‘वस्त्रहरणां’त मालवणी हंसवी, कारण ती खोट्या भाषेस उघडें पाडी. अनुकरणांत तीच मालवणी हंसण्याची वस्तु झाली. शिवी हांसडणारा, भांडकुदळ, थोडी ‘घेतलेला’ असा मालवणी माणूस सर्वत्र दिसूं लागला, आणि मुंबईच्या प्रेक्षकास मालवणी शब्द ऐकतांच, अर्थ कळण्यापूर्वींच, हंसण्याची संवय जडली. संकासुरास राजाची गादी मिळाली खरी, पण बुरखा कांहीं उतरला नाहीं. आमच्याकडे मालवणींत शोक करतात, कौल लावतात, गाऱ्हाणें घालतात, मरणाऱ्याच्या कानांत नांव सांगतात. तें सारें रंगभूमीवर अगदीं थोडें आलें. याचा सगळा दोष कांबळी यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु ज्याच्या हातीं मंडळी, बोली व प्रेक्षक हीं तिन्हीं होतीं त्यास एखादें गंभीर मालवणी नाटक त्याच आत्मविश्वासानें उभें करतां आलें असतें, असें मला वाटतें. मालवणीस प्रतिष्ठा दिली हें अर्धे खरें असें जें वर म्हटलें तें यासाठीं.

आणि मी तरी कोण बोलणारा? शाळेंत चौतीस वर्षें मीं मुलांचें ‘आसा’ खोडून ‘आहे’ केलें, ‘खय’ खोडून ‘कोठें’ केलें. तांबड्या शाईनें. एका मुलानें निबंधांत आपल्या आज्याच्या मृत्यूविषयीं चार ओळी घरच्या भाषेंत लिहिल्या होत्या. त्याहि मीं सुधारून दिल्या. त्या मुलानें पुन्हा तसें लिहिलें नाहीं.

दुसरी गोष्ट सांगावयास अधिक कठीण आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं किनाऱ्यावरील एका खेड्यांत मोडी कागद पाहण्यास गेलों होतों. घरधन्यानें माळ्यावरून पेटी काढली. वर वतनासंबंधीं कागद होते. खालीं पांच-सहा वह्या, सुतळीनें बांधलेल्या. घरांतला कोणी पूर्वज दशावतारी मंडळींत होता. त्याच्या त्या वह्या. मीं एक उघडली. कोणत्या जत्रेंत कोणतें आख्यान लावलें, कोण कोणत्या वेषांत होतें, नारळ किती व पैसे किती मिळाले, मध्येंमध्यें पदांचीं धृपदें. अक्षर वाईट होतें व भाषा मालवणी होती. “हीं काय करूं, गुरुजी?” असें त्यानें विचारलें. मीं सांगितलें, हीं ठेवण्यासारखीं नाहींत. मोडी कागद तेवढे मीं कापडांत बांधून आणले; ते आजहि माझ्या कपाटांत आहेत आणि त्यांतून अद्याप एका शेताच्या बांधापलीकडे कांहीं निघालेलें नाहीं. दोन वर्षांनीं पुन्हा गेलों तेव्हां वह्यांचें विचारण्याचें धैर्य झालें नाहीं. त्यानेंच सांगितलें; पावसाळ्यांत चूल पेटविण्यास बऱ्या पडल्या.

संहिता नसलेल्या खेळाचा एक लेखी पुरावा मीं स्वतःच्या तोंडानें चुलींत घातला.

म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांस, विशेषतः सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्लें, मालवण व देवगड या भागांत घरोघर फिरणाऱ्या संग्राहकांस, माझें मागणें आहे. मालवणी नाटकांच्या वाक्यें पुरविणाऱ्यांच्या वह्या, प्रयोगांचीं हस्तपत्रकें, दौऱ्याचे जमाखर्च, गांवांतल्या हौशी मंडळींनीं वर्षानुवर्षें हातानें उतरून घेतलेल्या नकला कोठें दिसल्यास त्या बखरीइतक्याच जपून घ्याव्यात. वही कोणाच्या हातची, कोणत्या सालापासून वापरांत होती, कोठल्या गांवीं सांपडली, हें त्याच दिवशीं वेगळ्या कागदावर लिहून तीस जोडावें. पुन्हा बांधणी करूं नये; शिवण उसवल्यास पानांचा क्रम हरवतो. आणि समासांतील पेन्सिलीच्या खुणा मळ समजून कोणी पुसूं नयेत.